सीना नदीकाठ आणि अहमदनगर शहर : जलव्यवस्थेचा इतिहास व शाश्वत पुनर्विकासाचा प्रश्न

प्रस्तावना

मानवी संस्कृतीचा उदय आणि विकास नद्यांच्या काठी झाला, हे इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित असलेले सत्य आहे. मात्र नदीकाठी वसलेले प्रत्येक शहर त्या नदीच्या पाण्यावरच जगते असे नाही. काही शहरांनी नदीला केवळ सीमा मानले, काहींनी संरक्षणाची रेषा मानले, तर काहींनी तिला सांडपाणी वाहून नेणारा प्रवाह मानले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या शहराचा सीना नदीशी असलेला संबंध या तिन्ही अवस्थांतून गेलेला दिसतो. इ. स. १४९४ मध्ये सीनेच्या डाव्या तीरावर, भिंगारजवळ वसविलेले हे शहर दक्षिणेतील निजामशाहीची राजधानी होते. पाण्याच्या सुनियोजित व्यवस्थेसाठी आणि उद्यानांसाठी त्याची ख्याती होती. त्याच शहराच्या पश्चिम अंगाने वाहणारी सीना आज अतिक्रमण, गाळ, जलपर्णी आणि सांडपाणी यांमुळे चर्चेत असते.

गेल्या काही दशकांत भारतातील अनेक शहरांनी नदीकाठ सुशोभीकरणाचे प्रकल्प हाती घेतले. गुजरातमधील साबरमती नदीकाठ प्रकल्पानंतर 'रिव्हरफ्रंट' हा शब्द नगरविकासाच्या परिभाषेत रूढ झाला आणि सीनेच्या काठाविषयीही सुशोभीकरणाची मागणी वेळोवेळी होत राहिली. अशा वेळी नदीकाठाचा पुनर्विकास म्हणजे नेमके काय, तो कोणासाठी करावयाचा आणि तो टिकाऊ कशाने होतो, हे प्रश्न उपस्थित होतात. या प्रश्नांची उत्तरे केवळ अभियांत्रिकीत शोधून चालणार नाहीत. शहराच्या जलव्यवस्थेच्या इतिहासातही ती शोधावी लागतील, ही प्रस्तुत शोधनिबंधाची मूळ भूमिका आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अहमदनगर जिल्ह्यातील नदीकाठच्या वसाहतींच्या ऐतिहासिक परंपरेचा आढावा घेणे.
२. निजामशाहीकालीन जलव्यवस्था आणि सीना नदी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणे.
३. आधुनिक काळात शहर आणि नदी यांच्यात दुरावा निर्माण होण्याची कारणे शोधणे.
४. देशातील व परदेशातील नदीकाठ प्रकल्पांच्या अनुभवांच्या आधारे शाश्वत पुनर्विकासाचे निकष मांडणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक, वर्णनात्मक आणि तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती अहमदनगर शहर व सीनेचे शहराच्या परिसरातील पात्र एवढी मर्यादित ठेवली असून जिल्ह्यातील इतर नद्यांचा विचार संदर्भापुरता केला आहे.

जिल्ह्यातील नद्या आणि नदीकाठची संस्कृती

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याची विभागणी दोन खोऱ्यांत होते. उत्तरेकडील गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्या गोदावरी खोऱ्यात येतात, तर दक्षिणेकडील सीना, घोड व भीमा या नद्या भीमेच्या, म्हणजेच पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यात मोडतात. ही विभागणी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रवरेच्या काठावरील जोर्वे या गावावरून महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव मिळाले. प्रवरेच्याच काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांच्या ब्राँझ शिल्पांनी भारतीय पुरातत्त्वात मोलाची भर घातली. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून झालेल्या उत्खननांनी या नदीकाठावरील वस्तीचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेला. याच नेवाशात शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. प्रवरासंगम व टोके येथील मंदिरे, पुणतांब्याचे गोदाकाठचे घाट, कोपरगाव-हिंगणी परिसरातील रघुनाथराव पेशव्यांचे वाडे ही सर्व उदाहरणे नदीकाठाला असलेले धार्मिक, राजकीय व सामाजिक महत्त्व स्पष्ट करतात.

सीना नदीही या परंपरेला अपवाद नाही. जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे जन्मगाव (१७२५) सीनेच्या काठी आहे. सीना सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते, त्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. म्हणजेच मराठी भाषेच्या लिखित इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा याच नदीच्या मुखाशी आढळतो.

सीना नदीचे स्वरूप

सीनेचे प्रमुख उगम दोन मानले जातात. एक प्रवाह शहराच्या पश्चिमेस जामगावच्या बाजूने, तर दुसरा ईशान्येस जेऊरच्या बाजूने येतो. एकत्रित प्रवाह आग्नेयेस वाहत जातो. ब्रिटिश काळात कर्जत भागात काही अंतरापर्यंत ही नदी इंग्रजी मुलूख व निजामाचे राज्य यांमधील सीमा होती.

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या मुळा-प्रवरेप्रमाणे सीनेला मुसळधार पावसाचा आधार नाही. तिचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. शहराच्या परिसरात वर्षाला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही काही मोजक्या दिवसांत. त्यामुळे नैसर्गिक अवस्थेत सीना पावसाळ्यात वाहणारी, हिवाळ्यात क्षीण होणारी व उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी आहे. परतीच्या पावसात मात्र ती अल्पावधीत पात्राबाहेर येते. नदीकाठाचा कोणताही विचार या स्वभावाला धरूनच करावा लागतो. बारमाही नदीची कल्पना तिच्यावर लादली तर ते पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागेल.

निजामशाहीकालीन जलव्यवस्था

बहमनी सैन्याचा इ. स. १४९० मध्ये पराभव करून मलिक अहमदने स्वतंत्र सत्ता स्थापन केली. विजयाच्या जागी 'बाग निजाम' उभारण्यात आली. पुढे तेथेच भुईकोट किल्ला आकारास आला आणि चार वर्षांनंतर जवळच शहराची स्थापना झाली. अल्पावधीत हे शहर वैभवात बगदाद व कैरो यांच्याशी स्पर्धा करू लागले, असे इतिहासकार फिरिश्ता याने नमूद केले आहे. या वर्णनात अतिशयोक्ती गृहीत धरली तरी एका कमी पावसाच्या प्रदेशात, हंगामी नदीच्या काठी, राजधानीचे शहर उभे राहिले व वाढले, ही वस्तुस्थिती उरते. ती शक्य झाली ती पाण्याच्या व्यवस्थेमुळे.

शहराची तहान भागविण्यासाठी निजामशाही राज्यकर्त्यांनी सीनेच्या वाहत्या पाण्यावर विसंबण्याचे टाळले. शहराभोवतीच्या उंचवट्यांवरील झरे, विहिरी व तलाव यांचे पाणी त्यांनी खापरी नळांद्वारे शहरात आणले. कापूरवाडी, भिंगार, शहापूर, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांच्या परिसरातून हे नळ येत. भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून ते चुनेगच्चीत बंदिस्त केले जात आणि जमिनीखालून हलका उतार देऊन पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने शहरापर्यंत पोहोचविले जाई. वाटेत हवा बाहेर पडण्यासाठी, दाब नियंत्रित करण्यासाठी व गाळ काढण्यासाठी ठिकठिकाणी बांधकामे केलेली असत. शहरात हे पाणी हौदांत पडे आणि तेथून नागरिक ते भरून नेत. इ. स. १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरमध्ये या नळांची नावानिशी नोंद आढळते. म्हणजे निजामशाहीच्या अस्तानंतर अडीचशे वर्षांनीही ही व्यवस्था विस्मृतीत गेलेली नव्हती.

या व्यवस्थेत उद्यानांचे स्थान विशेष होते. हश्त बेहिश्त बाग आणि फराहबाग ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने १५८३ मध्ये पूर्ण केलेला फराहबागेतील महाल विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभा आहे. तलावाच्या पाण्याने वास्तू थंड राहावी आणि तेच पाणी बागेस मिळावे, अशी तिची रचना होती. दिल्ली दरवाजाबाहेर, सीनेच्या काठी असलेल्या बागरौझ्यात शहराचा संस्थापक चिरनिद्रा घेत आहे. नदीलगतची ही जागा दाट वस्तीसाठी न वापरता तेथे बाग व समाधी उभारण्यात आली, ही बाब लक्षणीय आहे. हुसेन निजामशहाच्या काळात शहराभोवती तट बांधला गेला, तेव्हाही वस्ती तटाच्या आत आणि नदी तटाच्या बाहेर राहिली. तट व नदी यांमधील मोकळी जमीन पुराला पसरण्यास उपलब्ध होती.

या व्यवस्थेचे श्रेय एकट्या राजसत्तेला देता येणार नाही. विहिरी खोदणारे, खापरी नळ घडविणारे कुंभार, चुना मळणारे गवंडी आणि नळांची देखभाल करणारे कामगार यांचे कौशल्य तिच्यामागे होते. हे कौशल्य पुढे अन्यत्रही पोहोचले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी (नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे उभारलेली 'नहर-ए-अंबरी' ही याच विचाराची पुढील पायरी होती. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास आणलेले पाणीही दख्खनमधील याच परंपरेत बसते.

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. निजामशाही नगरचे पाणी सीनेच्याच पाणलोटातून व शहराच्या निकटच्या परिसरातून येत होते. त्यामुळे उगमाकडील झरे, तलाव आणि माळराने यांचे रक्षण ही शहराची स्वतःची गरज होती. नदीकाठ मोकळा राहिला तो या व्यवस्थेचा एक भाग म्हणून.

घाटाची परंपरा

नदीकाठाच्या भारतीय परंपरेचा विचार घाटाच्या उल्लेखाशिवाय अपूर्ण राहील. सीनेकाठी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी नर्मदेच्या तीरावर महेश्वर येथे राजधानी वसविली आणि तेथील घाट आजही नदीकाठच्या स्थापत्याचा उत्तम नमुना मानले जातात. काशीपासून अनेक तीर्थक्षेत्री त्यांनी घाट, मंदिरे, विहिरी व धर्मशाळा बांधल्या.

घाटाचे वैशिष्ट्य असे की, तो नदीच्या पातळीतील चढउतार स्वीकारतो. पाणी वाढले की वरच्या पायऱ्या वापरात येतात आणि ओसरले की खालच्या मोकळ्या होतात. पूर आला तर घाट पाण्याखाली जातो, परंतु त्याने पुराचा मार्ग अडविला जात नाही. स्नान, धुणे, जनावरांना पाणी पाजणे, अंत्यविधी, बाजार आणि उत्सव अशी समाजातील विविध घटकांची कामे त्याच काठावर होत. अर्थात हा वापर सर्वांना सारखा खुला नव्हता. पाणवठ्यावरील जातिभेद हा आपल्या सामाजिक इतिहासाचा कटू भाग आहे आणि १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याची साक्ष देतो. म्हणून परंपरेतून स्थापत्याचा विवेक घ्यावा आणि प्रवेशाचा प्रश्न मात्र राज्यघटनेच्या समतेच्या तत्त्वाने सोडवावा, हेच उचित ठरेल.

आधुनिक काळ : शहर व नदी यांतील दुरावा

अहमदनगर नगरपालिकेची स्थापना १८५४ मध्ये झाली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यानंतर शहराचा विस्तार तटाबाहेर होऊ लागला. वाढत्या लोकसंख्येला जुने खापरी नळ अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिंपळगाव माळवी येथील तलाव शहराच्या पाणीपुरवठ्याचा आधार बनला. हा तलावही शहराच्या जवळचाच होता.

खरा बदल घडला तो मुळा धरणामुळे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे बांधलेल्या, २६ टीएमसी साठवण क्षमतेच्या या धरणातून शहराला पाणी मिळू लागले. तीस-पस्तीस किलोमीटर अंतरावरून, विळद व नागापूर येथील पंपगृहांमार्फत टप्प्याटप्प्याने उपसून ते वसंत टेकडीवरील टाक्यांत आणले जाते. या योजनेने शहराला टंचाईतून मोठा दिलासा दिला, हे नाकारता येणार नाही. तिच्याशिवाय औद्योगिक वसाहतीची आणि सावेडी, केडगाव, बोल्हेगाव या उपनगरांची वाढ झाली नसती. तथापि, या बदलाचे दोन परिणाम दुर्लक्षित राहिले.

पहिला परिणाम भौगोलिक आहे. मुळा गोदावरी खोऱ्यातील नदी आहे, तर सीना भीमा खोऱ्यातील. अहमदनगर शहर गोदावरी खोऱ्यातून पाणी घेते आणि वापरलेले पाणी कृष्णा खोऱ्यात सोडते. परिणामी पूर्वी उन्हाळ्यात कोरडी पडणारी सीना शहराखाली वर्षभर वाहताना दिसते. तो प्रवाह प्रामुख्याने सांडपाण्याचा असतो. नदीला पाणी आहे असे वाटते, पण ते नदीचे पाणी नसते.

दुसरा परिणाम सामाजिक आहे. पाणी दूरच्या धरणातून घरातील नळाला येऊ लागल्यावर जवळचे झरे, बारवा, तलाव आणि नदी यांची दैनंदिन गरज संपली. गरज संपल्यावर देखभाल थांबली, आणि देखभाल थांबल्यावर अतिक्रमणाला वाट मोकळी झाली. खापरी नळांचे मार्ग रस्त्यांच्या व इमारतींच्या कामांत खंडित झाले. सीनेचे पात्र बोल्हेगाव, नागापूर, सावेडी, नालेगाव ते बुरुडगाव या टप्प्यात भराव व बांधकामांमुळे आक्रसले. हा दुरावा केवळ नागरिकांच्या बेफिकिरीने निर्माण झाला असे म्हणणे अपुरे ठरेल. पाणीपुरवठ्याचा स्रोत बदलल्याने शहर व नदी यांच्यातील हितसंबंधच तुटला, हे त्याचे मूळ कारण आहे.

नदीकाठाची सद्यःस्थिती

३० जून २००३ रोजी नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख होती. केंद्र शासनाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'अमृत' अभियानात शहराचा समावेश झाला व त्याअंतर्गत भुयारी गटार योजनेचे काम हाती घेण्यात आले. सांडपाणी नदीत जाण्यापूर्वी शुद्ध होणे ही नदीकाठाच्या पुनर्विकासाची पहिली अट असल्याने ही योजना अत्यंत महत्त्वाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ म्हणजे सर्वाधिक पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते. सीनेचा प्रश्न हा या व्यापक समस्येचाच एक भाग आहे.

दुसरा प्रश्न पुराचा आहे. पात्र आक्रसल्याने अल्प काळातील जोरदार पावसातही पाणी काठाबाहेर येते. कल्याण रस्त्यावरील पुलावर पाणी आल्याने वाहतूक थांबण्याचे व पलीकडील वसाहतींचा शहराशी संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. महाराष्ट्रात पूरप्रवण क्षेत्रासाठी दोन रेषा आखल्या जातात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, तर दोन रेषांच्या दरम्यान निर्बंध असतात. शहरातील सीनेच्या पूररेषा हा दीर्घकाळ वादाचा विषय ठरला आहे. जमीनमालक व रहिवासी यांच्या दृष्टीने ही रेषा म्हणजे आयुष्यभराच्या पुंजीवर आलेली मर्यादा असते. नदीच्या दृष्टीने मात्र तो तिच्या पात्राचाच भाग असतो. या दोहोंतील संघर्ष प्रामाणिक सर्वेक्षण व न्याय्य मोबदला यांनीच सुटू शकतो. रेषा सोयीने सरकविल्याने तो पुढच्या पुरापर्यंत लांबणीवर पडतो.

राज्याच्या पातळीवरही धोरणात सातत्य राहिले नाही. नद्यांलगतच्या उद्योगांवर निर्बंध घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द करण्यात आले. त्यामुळे काठाच्या संरक्षणाची जबाबदारी अधिक प्रमाणात स्थानिक स्वराज्य संस्थांवर येऊन पडली.

अन्य शहरांचे अनुभव

अहमदाबाद येथे साबरमती नदीकाठ विकासासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २०१२ मध्ये काठावरील विहारमार्ग लोकांसाठी खुला झाला. दोन्ही बाजूंस मिळून लांबलचक पदपथ, उद्याने व सार्वजनिक जागा निर्माण झाल्या. त्या लोकप्रियही ठरल्या. परंतु शहरातील पात्रात दिसणारे पाणी मुख्यतः नर्मदा कालव्यातून येते आणि काठावरील दहा हजारांहून अधिक कुटुंबांना स्थलांतरित व्हावे लागले. दोन्ही शहरांच्या नावांत 'अहमद' असला आणि दोन्ही नद्या मूळच्या हंगामी असल्या तरी साबरमतीचा मार्ग सीनेला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. मुळा धरणाच्या पाण्यावर शेती, उद्योग व पिण्याचे पाणी यांचे हक्क आधीच ठरलेले आहेत. दुष्काळी जिल्ह्यात शोभेसाठी पात्र भरून ठेवणे नैतिक व व्यावहारिक अशा दोन्ही दृष्टींनी असमर्थनीय ठरेल.

पुण्यात मुळा-मुठा नदीकाठाच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या प्रकल्पाची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. त्यासंबंधी वृक्षतोड, पात्राची रुंदी आणि पूरपातळी यांविषयी नागरिकांनी आक्षेप नोंदविले. नाशिक येथे गोदावरीच्या पात्रातील प्राचीन कुंडांचे काँक्रिटीकरण वादग्रस्त ठरले, कारण तळ बंद झाल्याने जिवंत झरे गुदमरतात, असा आक्षेप घेतला गेला.

या तुलनेत छत्रपती संभाजीनगर येथील खाम नदीचा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. सीनेप्रमाणेच खाम ही कमी पावसाच्या प्रदेशातील, शहरातून वाहणारी लहान नदी आहे आणि तिच्या काठच्या शहराची जलपरंपराही निजामशाहीशी निगडित आहे. २०२१ च्या सुमारास तेथे महानगरपालिका, छावणी परिषद, उद्योग व नागरिक यांच्या सहभागातून पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. कचरा उगमाशीच थांबविणे, पात्र स्वच्छ करणे, दगडमातीचे काठ व स्थानिक झाडे यांवर तेथे भर देण्यात आला.

परदेशातील उदाहरणांतही हाच भेद दिसतो. दक्षिण कोरियातील सोल शहरात २००३ ते २००५ या काळात रस्त्याखाली गाडला गेलेला चोंगग्येचोन हा ओढा ५.८ किलोमीटर लांबीपर्यंत पुन्हा खुला करण्यात आला. त्याने शहराला मोकळा श्वास दिला, मात्र तेथे पाणी सतत पंपाने सोडावे लागते. जर्मनीतील म्युनिक येथे २००० ते २०११ या काळात ईझार नदीचे सुमारे आठ किलोमीटर पात्र रुंद करून काँक्रीटचे काठ हटविण्यात आले. तेथे पूरनियंत्रण, जैवविविधता आणि लोकांचा वावर ही तिन्ही उद्दिष्टे एकत्र साधण्यात आली.

शाश्वत पुनर्विकासाचे निकष

१९८७ च्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची जी संकल्पना रूढ केली, तिच्यात भावी पिढ्यांच्या गरजांचे भान अभिप्रेत आहे. वरील विवेचनाच्या आधारे सीना नदीकाठासाठी पुढील निकष मांडता येतात.

१. पाणलोटापासून आरंभ : काठाचे काम शहरात सुरू होत नाही, ते उगमाकडे सुरू होते. या बाबतीत जिल्ह्याला बाहेरून धडे घेण्याची आवश्यकता नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचा आदर्श देशासमोर ठेवला. १९९३ मध्ये अहमदनगर येथे स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने हा विचार इतर राज्यांतही नेला. पावसाचे पाणी मोजून पिकांचे नियोजन करणारा हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद शहरालाही लागू करता येईल.

२. सांडपाण्याचे शुद्धीकरण प्रथम, सुशोभीकरण नंतर : शुद्ध केलेले पाणी उद्योग, उद्याने व शेती यांसाठी वापरल्यास मुळा धरणावरील भारही हलका होईल. शहराच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे हित या निकषाशी थेट जोडलेले आहे.

३. हंगामी स्वरूपाचा स्वीकार : बंधारे घालून कृत्रिम जलाशय निर्माण करण्याऐवजी पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि इतर काळात मैदाने, बाजार, पायवाटा म्हणून वापरता येणारी काठाची रचना असावी. घाटाच्या परंपरेचे मर्म हेच आहे.

४. पुराला जागा : निश्चित झालेली निळी पूररेषा जमिनीवर खुणांनी दर्शवावी आणि तिच्या आतील सार्वजनिक जमीन मोकळी ठेवावी. संरक्षक भिंतींनी पात्र अरुंद करू नये.

५. वारशाची साखळी : बागरौझा, दिल्ली दरवाजा, भुईकोट किल्ला, फराहबाग आणि खापरी नळांचे अवशेष यांचा विचार सुटी स्मारके म्हणून न करता एका जलव्यवस्थेचे घटक म्हणून करावा. खापरी नळांचे मार्ग नकाशावर आणून शक्य तेथे जिवंत स्रोतांचे पुनरुज्जीवन करावे.

६. सामाजिक न्याय : काठावरील गरीब वस्त्यांचे पुनर्वसन त्यांच्या उपजीविकेच्या जवळपास व त्यांच्या संमतीने व्हावे. अतिक्रमण हटविताना झोपडी आणि पक्के व्यापारी बांधकाम यांना वेगवेगळे माप लावले जाऊ नये.

निष्कर्ष

१. अहमदनगर शहराचा पाया सीनेच्या काठी घातला गेला, तरी त्याची जलव्यवस्था परिसरातील झरे, विहिरी व तलाव यांवर आधारलेली होती. नदीकाठ मोकळा ठेवणे हा त्या व्यवस्थेचा अंगभूत भाग होता.

२. विसाव्या शतकात पाणीपुरवठ्याचा स्रोत दुसऱ्या खोऱ्यातील धरणाकडे गेल्यानंतर शहराचा सीनेशी असलेला हितसंबंध तुटला. नदीची आजची अवस्था हा त्याचा परिणाम आहे.

३. दूरवरून आणलेल्या पाण्यावर आधारलेला नदीकाठ प्रकल्प या दुराव्यावर उपाय ठरू शकत नाही. त्याने हा दुरावा केवळ झाकला जाईल.

४. पाणलोट संवर्धन, सांडपाणी शुद्धीकरण, पूररेषेचे पालन, वारसा जतन आणि न्याय्य पुनर्वसन या क्रमाने केलेला पुनर्विकासच शाश्वत ठरण्याची शक्यता आहे.

२०२४ मध्ये या शहराला व जिल्ह्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव देण्यात आले. घाट, विहिरी व बारवा बांधून लोकांची पाण्याची गरज भागविणाऱ्या एका राज्यकर्तीचे हे नाव आहे आणि तिचा जन्म ज्या नदीच्या काठी झाला, ती नदी याच शहरावरून पुढे चौंडीकडे जाते. शहराने सीनेत सोडलेले पाणी कोणत्या प्रतीचे आहे, यावर या नामांतराची सार्थकता काही अंशी तरी तपासली जाईल. निजामशाहीतील अनाम कारागिरांनी उताराचे गणित साधून दूरच्या झऱ्याचे पाणी हौदापर्यंत आणले. त्यांच्या वारसदारांपुढील काम त्याहून कठीण नाही. हौदातून निघालेले पाणी नदीपर्यंत स्वच्छ पोहोचविणे, एवढीच आजच्या पिढीकडून अपेक्षा आहे.